चार अध्यापक, एक निकाल आणि एक खुले पत्र

१/
१६ सप्टेंबर १९७९. भारताच्या सरन्यायाधीशांच्या नावे एक खुले पत्र लिहिले गेले. त्यावर सही करणारे चौघे त्या खटल्यातील पक्षकार नव्हते आणि कोणाचे वकीलही नव्हते. ते विद्यापीठात कायदा शिकवणारे अध्यापक होते. पत्राचा विषय होता वर्षभरापूर्वी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल. पुढील चार वर्षांत देशाचा फौजदारी कायदा बदलला आणि त्या बदलाची सुरुवात या पत्रापाशी सापडते. फौजदारी न्यायव्यवस्थेचा अभ्यास विद्यापीठात कशासाठी करायचा, या प्रश्नाचे एक उत्तर या घटनाक्रमात आहे. थ्रेड.

२/
सुरुवात विदर्भातील देसाईगंजपासून. वडसा या नावानेही ओळखले जाणारे हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ मध्ये ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तिथे एक आदिवासी मुलगी भावासोबत राहत असे. आईवडील हयात नव्हते. ती घरोघरी मोलमजुरी करी. नंतर तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान असल्याचे नोंदवले. एका तरुणाशी तिचे प्रेम जुळले आणि दोघांनी लग्नाचे ठरवले. भावाला ते मान्य नव्हते. तिला पळवून नेले जात असल्याची फिर्याद घेऊन तो पोलीस ठाण्यात गेला.

३/
२६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना ठाण्यात आणून जबाब घेण्यात आले. साडेदहाच्या सुमारास काम आटोपले आणि मंडळी निघाली. तेव्हा ठाण्यातील पोलिसांनी तिला एकटीला थांबवून घेतले व इतरांना बाहेर पाठवले. आत एका शिपायाने बलात्कार केला आणि दुसऱ्या पोलिसाने विनयभंग केला, अशी तिची तक्रार होती. बाहेर नातलग ताटकळत होते. ठाण्याचे दार आतून बंद झाले होते व दिवे मालवले गेले होते. थोड्याच वेळात बाहेर जमाव जमला आणि अखेर गुन्हा नोंदवावा लागला.

४/
तिचे नाव या थ्रेडमध्ये नाही. अशा गुन्ह्यातील पीडितेची ओळख छापण्यावर भारतात कायद्याने बंदी आहे. ही बंदी आली तीच मुळी या खटल्यानंतर झालेल्या दुरुस्तीत. तिला स्वतःला त्या तरतुदीचा लाभ मिळाला नाही. पुढची अनेक वर्षे तिचेच नाव खटल्याची ओळख म्हणून वापरले गेले.

५/
खटला तीन न्यायालयांतून गेला. पुरावा तोच होता, पण वाचने तीन झाली.

पहिले वाचन सत्र न्यायालयाचे, १९७४ मधील. तिथे दोघेही निर्दोष सुटले. शरीरसंबंध घडला हे न्यायालयाने मानले, परंतु तो तिच्या संमतीने झाला असा निष्कर्ष काढला. मुलीच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवण्यात आले. ती प्रियकरासोबत राहण्यास तयार होती, म्हणून तिच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, असा त्या युक्तिवादाचा रोख होता.

६/
दुसरे वाचन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे, १९७६ मधील. खंडपीठाने निकाल फिरवला. मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्याने मांडले. दोघे पोलीस तिला अनोळखी होते. ठाण्यात तिचाच भाऊ तक्रारदार म्हणून आला होता. अशा जागी, अशा वेळी एक किशोरवयीन मुलगी स्वखुशीने राजी होईल, हे खंडपीठाला पटले नाही. बलात्कारासाठी ५ वर्षांची आणि विनयभंगासाठी १ वर्षाची शिक्षा सुनावण्यात आली.

७/
तिसरे वाचन सर्वोच्च न्यायालयाचे, १५ सप्टेंबर १९७८ चे. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. सोबतच्यांपासून वेगळे केले जात असताना तिने आरडाओरडा केला नव्हता. भीतीमुळे दिलेली संमती कायद्याने निरर्थक ठरते खरी, पण ती भीती मृत्यूची किंवा इजेची असावी लागते आणि तसा पुरावा नाही, असे पीठाने म्हटले. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निकाल कायद्याच्या अहवालांत छापला गेला.

८/
हा तर्क तिन्ही न्यायमूर्तींच्या मनात अचानक उगवला नव्हता. भारतीय दंडविधान १८६० चे होते. त्यातील बलात्काराच्या व्याख्येत ‘इच्छेविरुद्ध’ आणि ‘संमतीविना’ हे शब्द होते, परंतु ‘संमती म्हणजे काय’ याचे या गुन्ह्यापुरते सकारात्मक वर्णन नव्हते. ही पोकळी इंग्रजी न्यायपरंपरेतील जुन्या गृहीतकांनी भरून निघत असे. खरी पीडित स्त्री प्रतिकार करते, किंचाळते, तिच्या अंगावर खुणा राहतात, ही ती गृहीतके. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतून तीच पिढ्यान् पिढ्या शिकवली जात होती. विद्यार्थी ते शिकत, पुढे डॉक्टर, वकील व न्यायाधीश होत आणि शिकलेलेच खटल्यांत शोधत.

९/
गुन्हेशास्त्रही यातून मुक्त नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या विषयात ‘पीडितशास्त्र’ नावाची शाखा उदयाला आली. नाव ऐकून ती पीडितांच्या बाजूची वाटते. प्रत्यक्षात तिच्या आरंभीच्या अभ्यासकांचा एक मोठा प्रश्न होता तो ‘गुन्हा घडण्यात पीडिताचा वाटा किती’ हा. हान्स फॉन हेन्टिग यांचा १९४८ चा ग्रंथ गुन्हेगार आणि पीडित यांच्या परस्परसंबंधावरच उभा आहे.

१०/
या विचाराचे टोक १९७१ मध्ये दिसले. मेनाहेम आमिर यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या पोलीस दप्तरातील १९५८ व १९६० या दोन वर्षांची ६४६ प्रकरणे अभ्यासली. त्यांतील १९ टक्के बलात्कार ‘पीडितेने ओढवून घेतलेले’ आहेत, असे वर्गीकरण त्यांनी केले. आधार होता पोलिसांनीच लिहिलेल्या नोंदींचा. पोलिसांचा पूर्वग्रह आकडा बनून शास्त्रात आला आणि शास्त्राचे लेबल लावून पुन्हा समाजात परतला. स्त्रीवादी अभ्यासकांनी या पद्धतीवर कठोर टीका केली.

११/
भारतात काय चित्र होते? १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. बालगुन्हेगारी, तुरुंग, परिवीक्षा हे विषय तिथे शिकवले जाऊ लागले. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून भारतात आले आणि तुरुंग अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला दिशा मिळाली. १९५९ मध्ये सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग उघडला.

१२/
या साऱ्या प्रयत्नांमागे एक उदार प्रेरणा होती. गुन्हेगार जन्मजात नसतो, परिस्थिती त्याला घडवते, म्हणून शिक्षेपेक्षा सुधारणा महत्त्वाची. जन्मावरून अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१ चा कायदा भोगलेल्या देशात हा विचार मोलाचा होता. मात्र अभ्यासाचे केंद्र राहिले ते गुन्हेगार, पोलीस आणि तुरुंग. ज्याच्यावर गुन्हा घडला तो माणूस अभ्यासक्रमात जवळपास नव्हता. खटल्यात तो फक्त साक्षीदार आणि पुस्तकात एक तळटीप.

१३/
अशा काळात त्या चौघांनी निकाल वाचला. कायद्याच्या अध्यापकाचे रोजचे कामच ते. नवे निकाल वाचायचे, त्यांतील तर्क सुटा करायचा, वर्गात तो विद्यार्थ्यांसमोर ठेवायचा आणि कुठे सांधा निखळतो ते शोधायला लावायचे. या निकालात सांधा कुठे निखळतो, हे त्यांना दिसले. फरक एवढाच, की या वेळी त्यांनी ते वर्गाबाहेर सांगितले.

१४/
ते चौघे कोण?

उपेंद्र बक्षी, दिल्ली विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक. सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजाचे चिकित्सक अभ्यासक आणि पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू.

लोतिका सरकार, याही दिल्लीच्या. केंब्रिजमधून कायद्याची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या आणि १९७४ मध्ये अहवाल देणाऱ्या शासकीय समितीच्या सदस्य.

१५/
रघुनाथ केळकर, फौजदारी प्रक्रियेचे अध्यापक. त्यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक आजही कायद्याचे विद्यार्थी नुसते ‘केळकर’ म्हणून ओळखतात.

वसुधा धागमवार, पुण्याच्या. दंडविधानाच्या इतिहासाच्या अभ्यासक. यांच्या मातोश्री म्हणजे मराठी कादंबरीकार गीता साने. त्याच गीता साने, ज्यांनी चंबळच्या दरोडेखोरांच्या मुलखावर ‘चंबळची दस्युभूमी’ हे पुस्तक लिहिले. गुन्हा समजून घेण्यासाठी थेट त्या भूमीत जाण्याचा संस्कार या घरात होता.

१६/
पत्र ज्यांच्या नावे होते ते सरन्यायाधीश म्हणजे यशवंत विष्णू चंद्रचूड. निकाल देणाऱ्या पीठात ते नव्हते. पत्राची भाषा आदरयुक्त होती, तर्क मात्र निर्भीड.

पहिला मुद्दा संमतीचा. संमतीत होकार असतो. निमूटपणे सोसण्यात तो असेलच असे नाही. नागपूर खंडपीठाने केलेला हा भेद सर्वोच्च न्यायालयाने पुरेशा विचाराविना बाजूला सारला, असे अध्यापकांनी दाखवून दिले. तिने होकार दिला याचा पुरावा कोणता, हा प्रश्न निकालात अनुत्तरितच राहिला होता.

१७/
दुसरा मुद्दा परिस्थितीचा. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, बंद दार, समोर गणवेशातील दोन प्रौढ पुरुष आणि एक गरीब, अनाथ, आदिवासी किशोरी. हे सारे वगळून केवळ ‘जखमा आहेत का’ एवढेच पाहिले, तर सत्तेपुढची भीती कायद्याला कधीच दिसणार नाही. खटला समजून घ्यायचा तर दोन्ही बाजूंची सामाजिक स्थिती ध्यानात घ्यावी लागते, हा या पत्राचा गाभा होता.

१८/
तिसरा मुद्दा न्यायालयाच्या मौनाचा. निकालाच्या अवघे काही महिने आधी, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्त्रियांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले होते. सत्पथी माजी मुख्यमंत्री होत्या. देसाईगंजच्या मुलीला ठाण्यात रात्री थांबवून घेतले गेले, याबद्दल मात्र निकालात निषेधाचा शब्द नव्हता. या तफावतीकडे अध्यापकांनी लक्ष वेधले आणि प्रकरणाचा मोठ्या पीठापुढे फेरविचार व्हावा अशी विनंती केली.

१९/
सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अंतिम असतो. त्याच्यावर जाहीर टीका करणे तेव्हा सोपे नव्हते, न्यायालयाच्या अवमानाची टांगती तलवार डोक्यावर असे. त्यातच आणीबाणी संपून जेमतेम अडीच वर्षे झाली होती. न्यायालय लोकांचा विश्वास परत मिळवू पाहत होते. नेमक्या त्याच वेळी चार अध्यापकांनी विचारले, की हा विश्वास सर्वांत दुर्बळ नागरिकालाही ठेवता येईल का?

२०/
पत्र हळूहळू पसरले. महिला संघटनांनी ते वाचले, वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. १९८० च्या आरंभी मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ हा मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० या महिला दिनी अनेक शहरांत मोर्चे निघाले आणि खटला पुन्हा चालवण्याची मागणी झाली. बलात्कार हा शब्द घराघरांत दबक्या आवाजात उच्चारला जाण्याचा तो काळ. तो शब्द घेऊन स्त्रिया रस्त्यावर आल्या. कायद्याच्या अहवालातील काही पानांचा निकाल सार्वजनिक प्रश्न बनला.

२१/
न्यायालयाचा निर्णय मात्र बदलला नाही. दोघांची सुटका कायम राहिली.

बदलला तो कायदा. एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाने आपला ८४ वा अहवाल दिला. संमती ‘मुक्त व स्वेच्छेची’ असावी, पीडितेच्या पूर्वायुष्याची चिकित्सा थांबवावी, अशा सूचना त्यात होत्या. संसदेने त्या सगळ्या स्वीकारल्या नाहीत. तरीही १९८३ चा फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम हा १८६० नंतर या गुन्ह्याच्या कायद्यात झालेला सर्वांत मोठा बदल ठरला.

२२/
त्या दुरुस्तीतील ठळक गोष्टी अशा:

• पोलीस वा सरकारी नोकर यांनी कोठडीत किंवा अधिकाराचा गैरवापर करून केलेला बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा. शिक्षा किमान १० वर्षे.
• अशा प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे. पुरावा कायद्यात यासाठी कलम ११४अ घातले गेले.
• सुनावणी बंद दाराआड.
• पीडितेची ओळख उघड करण्यास बंदी.

देसाईगंजच्या खटल्यात तिन्ही न्यायालयांपुढे जो प्रश्न अडला होता, त्याचे उत्तर आता कायद्यातच लिहिले गेले.

२३/
काय राहून गेले, तेही पाहिले पाहिजे. पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न विचारून तिची साक्ष मोडून काढण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील उपकलम पुढची जवळपास दोन दशके टिकून होते. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे होत नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ साल उजाडले. त्यासाठी दिल्लीतील डिसेंबर २०१२ ची घटना आणि न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल घडावा लागला. विवाहांतर्गत संबंधांना दिलेला अपवाद १९८३ मध्ये राहिला, २०१३ मध्ये राहिला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

२४/
अभ्यासाचे क्षेत्रही बदलले. पीडितशास्त्राचा मुख्य प्रश्न ‘पीडितेचा वाटा किती’ इथून ‘व्यवस्थेने पीडितेशी काय केले’ इथवर सरकला. लोतिका सरकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ‘स्त्रिया आणि कायदा’ हा विषय विद्यापीठांत रुजला. वसुधा धागमवार यांनी १९८५ मध्ये ‘मार्ग’ ही संस्था स्थापून कायद्याचे ज्ञान सामान्य माणसांपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले.

२५/
आज देशभरातील कायद्याच्या आणि गुन्हेशास्त्राच्या वर्गांत हा निकाल शिकवला जातो. १९७४, १९७६ आणि १९७८ ची तीन वाचने शेजारी शेजारी ठेवली जातात. साक्षीदार तेच, वैद्यकीय अहवाल तोच, कायद्याचे कलमही तेच. मग उत्तरे वेगळी का आली, हे विद्यार्थ्याने शोधायचे असते. शोधता शोधता त्याच्या ध्यानात येते, की पुराव्याकडे पाहणारी नजरही शिकवलेली असते आणि ती पुन्हा नव्याने शिकवता येते.

२६/
त्या मुलीला न्याय मिळाला नाही. पत्रानेही तो मिळवून दिला नाही, हे विसरून या घटनेचे विजयगीत गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तिच्यानंतर ठाण्याच्या बंद दाराआड अडकलेल्या स्त्रीला मात्र ‘मी संमती दिली नव्हती’ हे वाक्य न्यायालयात उच्चारता आले आणि न्यायालयाला त्याच वाक्यापासून सुरुवात करणे भाग पडले. चार अध्यापकांनी एक निकाल नीट वाचला होता आणि तो चुकला आहे असे सही करून सांगितले होते.

(थ्रेड समाप्त)